जुनी बोलेरो, मागे डोंग्याची ट्रॉली

पावसाळा सरला की आपल्या पांढुर्णा-सौंसरकडची मंडळी लेकराबाळांसह धरणावर मुक्कामाला निघतात. जुनी बोलेरो, मागे ट्रॉली, तिच्यावर डोंगा, जाळी, तंबू. गाडी ओढते हो, पण मुलताईकडून पांढुर्ण्याला उतरताना ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागली, की गाडीतली सगळी माणसं धोक्यात.

वजन मागे पडलं की बहुतेकदा असं होतं. म्हणून भरलेली ट्रॉली सपाट जागेवर उभी करा, चाकांना दगड लावा आणि हुकाकडचं टोक आपल्या मासळीच्या काट्यावर टेकवा. खाली विटा रचून उंची हुकाएवढी ठेवा. धर्मकाट्यावर एकूण ४०० किलो भरलं असेल, तर इथं साधारण ४० यायला पाहिजे. कमी आलं तर बर्फाची पेटी चाकांच्या पुढे सरकवा. फार जास्त आलं तर गाडीचे मागचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात.

तरीही ट्रॉली हललीच, तर जोरात ब्रेक मारू नका. अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टेअरिंग सरळ धरा. उतार खालच्या गियरमध्येच उतरा.

टायरवरचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी एवढ्या जुन्या टायरवर आम्ही ट्रॉली ओढणार नाही.

हुकाला साखळी लावाच. आणि डोंग्यात बसून यायचा हट्ट लेकरं करतात, तो मात्र ऐकू नका.