मूल होत नाही? तपासणी दोघांची

मैत्रिणींनो, लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की सगळे सुनेलाच बोल लावतात. पण गर्भ राहताना शरीरात काय घडतं, ते पाहू.

शुक्राणूच्या टोकाला एक बारीक पिशवी असते. तिच्यातला रस स्त्रीबीजाचं कवच भेदायला मदत करतो. हा रस वाटेतच सुटला तर शुक्राणू वाया जातो. म्हणून वीर्यात त्याला आवरून धरणारी प्रथिनं असतात, गाडीच्या ब्रेकसारखी. बाईच्या शरीरात गेल्यावर काही तासांत हा ब्रेक सुटतो.

बाईच्या रक्तातही एक ब्रेक असतो, फेट्युइन-बी. हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि बीजाचं कवच वेळेआधी कडक होऊ देत नाही. २०१३ साली उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं, की हे प्रथिन नसलेल्या माद्यांना पिल्लं होत नाहीत.

म्हणजे काम दोघांच्या शरीराचं आहे. वर्षभर प्रयत्न करूनही (पस्तिशीनंतर सहा महिने) दिवस राहिले नाहीत, तर नवरा-बायको दोघं मिळून आरोग्य केंद्रात किंवा घाटी रुग्णालयात जा. वीर्यतपासणी सोपी असते, सुईसुद्धा टोचत नाही. ती सुरुवातीलाच करून घ्या. गटाच्या बैठकीत हे नक्की बोला.