नक्षीची भाषा

मुलांनो, 'नक्षी' हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतील 'नक्श' आणि मराठीतील 'नक्षी' यांचे मूळ एकच आहे. शब्दांप्रमाणे नक्षीही देशोदेशी प्रवास करते.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यावर पंधराव्या शतकात बहमनी राज्याचा अंमल होता. दुष्काळात सरकारी कोठारांतील धान्य रयतेला वाटणारे दामाजीपंत याच राज्याचे अधिकारी होते, असे सांगतात. या राज्याची राजधानी बिदर. तेथे वजीर महमूद गावान यांनी १४७२ साली भव्य मदरसा उभारला. त्याच्या भिंती निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या चकचकीत फरशांनी सजवल्या. हीच कला त्या काळी समरकंदमध्ये बहरली होती. हे शहर आज उझबेकिस्तानात आहे. तेथील उलुगबेग मदरशाच्या कमानीवर चांदण्यांची नक्षी आहे. उलुगबेग स्वतः खगोलशास्त्रज्ञ होता!

अशी चांदणी तुम्हीही काढू शकाल. कंपासने वर्तुळ काढा. तेवढ्याच अंतराने परिघावर सहा खुणा करा. एक सोडून एक खूण जोडा. दोन त्रिकोणांची सहा टोकांची चांदणी तयार होईल. चांदणीला चांदणी जोडत गेलात, तर नक्षी कोठेच संपत नाही. तिच्याकडे पाहून अनंताची कल्पना येते.

उझबेक स्त्रिया मुलीच्या लग्नासाठी कापडावर भरतकाम करतात. त्याला 'सुझनी' म्हणतात. त्यात डाळिंब असते. दाण्यांनी भरलेले डाळिंब म्हणजे भरलेले घर. आपल्या सांगोला-मंगळवेढ्याकडील बागांतले फळ तिकडे आशीर्वाद होते! मिरचीची नक्षी नजर लागू नये म्हणून काढतात. आपल्याकडची दारावरची लिंबू-मिरची आठवली ना?

१६९६ साली दारूगोळ्याच्या स्फोटात बिदरच्या मदरशाचा मोठा भाग कोसळला. दोन मिनारांपैकी एकच उरला. रंगीत फरशाही आता थोड्याच आहेत. गेलेले परत येत नाही. उरलेले जपणे आपल्या हाती आहे. जुन्या वास्तूंच्या भिंतींवर नावे कोरू नका. त्यांवर आधीच काही लिहिलेले आहे. ते वाचायला शिका.

शब्दार्थ : अंमल – सत्ता, रयत – प्रजा, परीघ – वर्तुळाची कड, वास्तू – इमारत.

स्वाध्याय
१. सुझनीतील डाळिंब कशाचे प्रतीक आहे?
२. बिदरच्या मदरशाचे नुकसान कसे झाले?
३. घरातील चादर किंवा जाजम पाहा. त्यावरील नक्षीचे पाच वाक्यांत वर्णन करा.