तिसरी पिन कापू नका!

आरोग्याच्या सदरात अँप्लिफायरचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. परंतु विजेच्या धक्क्याने हृदय बंद पडते तेव्हा औषधापेक्षा आधीची खबरदारीच कामी येते, म्हणून आज हा विषय घेतला आहे. गणपतीची आरती असो, भजन असो की मुलाचा वाढदिवस, आपल्या भोर-वेल्ह्याच्या गावागावांतून अँप्लिफायर, साऊंड बॉक्स आणि माइक घरात आले आहेत. "डॉक्टर, अँप्लिफायरला हात लावला की मुंग्या येतात, चालते का?" असे मला अनेकजण विचारतात. उत्तर एकच : चालत नाही, तपासून घ्या.

शरीरात काय घडते?

घरातील वीज २३० व्होल्टची असते. धोका किती, हे शरीरातून जाणाऱ्या प्रवाहावर ठरते. हा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात. १० ते १५ च्या आसपास हाताचे स्नायू आखडतात व धरलेली वस्तू सुटत नाही. 'विजेने धरून ठेवले' असे आपण म्हणतो ते हेच. ३० च्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येते. १०० च्या आसपासचा प्रवाह काही सेकंद छातीतून गेला, तर हृदय नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण थांबते.

कोरडी कातडी विजेला बराच अडथळा करते. कातडी ओली असेल तर शरीराचा अडथळा १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० व्होल्टला १,००० ने भागले की येतात २३० मिलिअँपिअर. एवढ्याने माणूस दगावतो, पण ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण हा प्रवाह पाव अँपिअरही नाही. फ्यूज वायरिंग वाचवतो, माणूस नव्हे.

आपल्याकडे पावसाळ्यात भिंती ओल धरतात, फरशीला पाणी सुटते. अनवाणी उभे राहून ओल्या हाताने आरतीचा माइक धरणे म्हणजे विजेला वाट करून देणे होय. पाणी आणि वीज एकत्र आल्यावर काय होते, हे आपल्या तालुक्याने पाहिले आहे. मार्च २०२३ मध्ये भोर तालुक्यातील निगडे येथे गुंजवणी नदीत मोटारीचे काम करताना शॉक लागून चार शेतकरी दगावले. गाण्याची साधनेही याला अपवाद नाहीत. १९७२ साली ब्रिटनमधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक मंचावर माइकला हात लावताच गेला. १९७६ साली गायक कीथ रेल्फ आपल्या घरीच, अर्थिंग नीट नसलेली गिटार वाजवताना दगावला.

अर्थिंग काय करते?

अँप्लिफायरची पेटी बहुधा पत्र्याची असते. आतील वायर सोलली किंवा ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन गेले, की फेज पत्र्याला लागतो. तिसऱ्या, म्हणजे जाड आणि लांब पिनेची तार पत्र्याला जोडलेली असते. तो प्रवाह ती थेट जमिनीत नेते, फ्यूज जातो, आणि आपण वाचतो. ही तार नसेल, तर जमिनीकडे जाण्याचा मार्ग म्हणजे आपला देह.

मात्र खड्ड्यात पाइप पुरला म्हणजे काम झाले, असे नाही. आपली जमीन खडकाळ व मुरमाड. उन्हाळ्यात ती कोरडी पडते. अर्थिंगचा अडथळा ५० ओहम झाला, तर बिघाडात साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहील. ५ अँपिअरचा फ्यूज तसाच राहील आणि पत्र्यात करंट राहील. म्हणून अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. प्रवाह जमिनीकडे गळू लागताच तो क्षणार्धात वीज तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही.

काय करावे, काय टाळावे?

१) स्पीकरमधून 'घूं' असा आवाज येतो म्हणून काहीजण तिसरी पिन कापतात. आवाज जातो, पण संरक्षणही जाते. त्याऐवजी टीव्ही, मिक्सर व अँप्लिफायर एकाच बोर्डावर लावा, माइकची वायर विजेच्या वायरपासून दूर ठेवा, खराब वायर बदला.

२) सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडू नका. न्यूट्रल तुटला तर सगळा पत्रा जिवंत होतो.

३) चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या उपकरणाला दुहेरी इन्सुलेशन असते, त्याला दोन पिना चालतात. इतरांना तीनच हव्यात.

४) प्लग काढल्यावरही अँप्लिफायरच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रात तर ३००-४०० व्होल्ट असतात. पेटी घरी उघडू नका.

५) परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

शॉक लागल्यास

आधी मेन स्विच बंद करा. तोवर माणसाला हात लावू नका. स्विच सापडत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. मग १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्या. मदत येईपर्यंत थांबू नका. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. माणूस उठून बसला तरी मोठा शॉक असेल, छातीत धडधडत असेल किंवा भाजले असेल, तर ईसीजीसाठी दवाखान्यात न्या. कातडीवर छोटा डाग दिसला, तरी आत खोलवर भाजलेले असू शकते.

भोरला काय किंवा वेल्ह्याला काय, दूरच्या वाडीवरून दवाखाना गाठायला वेळ लागतो, आणि बंद पडलेले हृदय तेवढी वाट पाहत नाही. अर्थिंग तपासण्याला मात्र एक सकाळ पुरते. गणपतीची आरास करण्यापूर्वी ती सकाळ काढाच.