पगारपत्रक मागू नका, देयकाची फाईल मागा

“सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.” आमच्या महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्यांनी मला लेखी दिलेलं हे उत्तर खोटं होतं. साक्षांकित प्रती माझ्या कपाटात आहेत, म्हणून ठामपणे सांगते. “मॅडम, तुम्हाला दुसरं काही काम नाही का,” असं ज्यांनी मला भर कार्यालयात ऐकवलं, त्यांनीही हे वाचावं. पण लिहिते आहे ते मुख्यतः उद्या असाच अर्ज घेऊन त्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्यांसाठी.

मागणी साधी होती. आमच्या प्रभागात झाडलोट करणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांचा काही महिन्यांचा हजेरीपट आणि वेतनपत्रक. महापालिकेच्या अधिकाऱ्या-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन कुणी न मागता जाहीर करावं, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख) सांगतं. सतरा बाबींतली ती दहावी बाब. शहर झाडणारा कंत्राटी माणूस मात्र त्या यादीत सापडत नाही. आमची गल्ली झाडणाऱ्या मावशी सांगायच्या, किमान वेतनापेक्षा हातात बरंच कमी पडतं, पीएफ कापतात पण नंबर देत नाहीत. माझी उभी नोकरी बँकेत गेली. कागद पाहिल्याशिवाय मी कुणावर आरोप करत नाही. म्हणून अर्ज.

घनकचरा विभागाने तो आस्थापना विभागाकडे धाडला. ‘कंत्राटी कर्मचारी आमच्या आस्थापनेवर नाहीत’ म्हणून तिथून तो परत आला. मग मुदतीच्या अगदी शेवटी उत्तर मिळालं: माहिती आमच्याकडे नाही, ती कंत्राटदाराकडे आहे; शिवाय ती वैयक्तिक असल्याने कलम ८(१)(जे) नुसार देता येत नाही. जे कागद तुमच्याकडे नाहीतच, ते वैयक्तिक आहेत हे तुम्ही कशावरून ठरवलंत? अपिलात मी हाच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही.

सुनावणीच्या आधी मला एक फोन आला. “ताई, मार्च-एप्रिलचे कागद तुम्हाला कशाला हवेत? काय असेल ते बसून बोलू की.” बोलणारा कंत्राटदाराचा सुपरवायझर होता. ते महिने मी फक्त अर्जात लिहिले होते, मोबाइल नंबरही तिथेच दिला होता. मावशींचं नाव अर्जात कुठेही नव्हतं, तरी पुढच्याच आठवड्यात त्यांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हजेरी कोठीवर झाली. पहाटे बस नसते, त्या चालत जायच्या. या गोष्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि जाऊही नये.

सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “तुमचा यात काय संबंध?” कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही. कायद्याची प्रत सोबत नेली होती, ते कलम वाचून दाखवलं. मग टेबलाच्या कडेला बसलेला लेखा विभागाचा एक तरुण लिपिक सहज बोलून गेला, “साहेब, वेतनपत्रक जोडल्याशिवाय आपण कंत्राटदाराचं देयक पासच करत नाही.” जन माहिती अधिकारी खाली बघत राहिले. कागद पहिल्या दिवसापासून त्याच इमारतीत, लेखा विभागाच्या कपाटात होते. माझा अर्ज मुद्दाम जिथे ते नाहीत तिथे फिरवला जात होता.

फाईल तपासायला मिळाली. वेतनपत्रकावर प्रत्येकाचे सव्वीस दिवस, एकाचाही खाडा नाही. मावशी त्यातला अर्धा महिना लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या आणि त्या दिवसांचा पैसा त्यांना मिळाला नव्हता. पत्रकात मात्र पूर्ण पगार, आणि नावापुढे जांभळ्या शाईचा अंगठा. मावशी सही करतात. त्याचा त्यांना अभिमान आहे. पानाच्या तळाशी शिक्का होता: वरील रक्कम माझ्यासमक्ष अदा केली. खाली आरोग्य निरीक्षकाची सही. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ नुसार पगारवाटपाला मूळ मालकाचा, म्हणजे इथे महापालिकेचा, प्रतिनिधी हजर असणं बंधनकारक होतं. कंत्राटदाराने कमी दिलं तर उरलेली रक्कम देण्याची जबाबदारीही महापालिकेचीच. आणि हेच लोक मला सांगत होते की या पगाराशी आमचा संबंध नाही.

माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली तीच मजुरांच्या हजेरीपटांवरून. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनने खोटे हजेरीपट जनसुनावण्यांत गावासमोर वाचून दाखवले, १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. आपल्या राज्याने तर केंद्राच्या आधी, २००२ सालीच स्वतःचा कायदा केला. त्या राज्यातल्या महापालिकेने हजेरीपट लपवावा!

आता कामाचं. ‘वेतनाची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. लेखा विभागाच्या नावाने अर्ज करा आणि कंत्राटदाराच्या अमुक महिन्याच्या देयकाची फाईल सर्व सहपत्रांसह मागा. करारनामा, हजेरीपट, वेतनपत्रक, भविष्य निर्वाह निधीची चलनं ही नावं घ्या. ‘का दिलं नाही’ असे प्रश्न नकोत. उत्तर देणं टाळायला तेवढं निमित्त पुरतं. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द ही मर्यादा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. प्रतींसोबत फाईल तपासणीही मागा, कारण झेरॉक्सवर शाईचा रंग कळत नाही. तीस दिवस उलटले तर प्रती फुकट द्याव्या लागतात, कलम ७(६). पैसे मागितले तर हे दाखवा. पहिलं अपील तीस दिवसांत, दुसरं नव्वद दिवसांत. एकटे जाऊ नका. आणि धीर धरा.

कुणा एका कामगाराचे कागद कधीच मागू नका. संपूर्ण प्रभागाचे, शक्य तर दोन प्रभागांचे मागा, म्हणजे कुणासाठी मागितले ते शोधणं अवघड जातं. मोबाइल नंबर न देता फक्त पत्ता द्या.

माझ्या वेळेपेक्षा आता वाट अधिक अडचणीची झाली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(जे) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारू नये, हे वाक्यच त्यातून गेलं. ‘वैयक्तिक’ हा शिक्का मारणं आता त्यांना फार सोपं आहे. तरी कलम ८(२) मधलं व्यापक जनहित शिल्लक आहे, त्याचा आधार अर्जातच घ्या. आणि कलम १० प्रमाणे स्वतःहून लिहून टाका की कामगारांची नावं, बँक खाती झाकून दिली तरी हरकत नाही. हजेरीचे दिवस, दिलेली रक्कम, सही किंवा अंगठ्याचा रकाना आणि तळाचं प्रमाणपत्र मात्र उघडं हवं.