फराळाचं उरलेलं तेल

प्रश्न : दिवाळीचा फराळ तळून दीडेक लिटर तेल उरतं. गाळलं की ते नव्यासारखं होतं, असं सासूबाई म्हणतात. संक्रांतीपर्यंत तळणीला तेच वापरते. चालेल ना?
– एक गृहिणी, सातारा

उत्तर : ताई, गाळण्याने तळाचा खर निघतो, तेलात झालेला बदल नाही. तेल वारंवार तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरता येत नाही. हे घरी मोजता येत नाही. पण तेल काळपट झालं, फेसाळलं, लवकर धुरावलं किंवा खवट वास आला की ते टाकावं.

आजवर वापरलंत म्हणून धास्ती घेऊ नका. उरलेलं तेल थंड करून फडक्यातून गाळा, झाकून अंधारात ठेवा आणि आठ-दहा दिवसांत फोडणीला, थालीपिठाला संपवा. पुन्हा तळणीला नको.

खरी बचत आधीच होते, ती तेल कमी उरवण्यात. पसरट कढईऐवजी लहान, खोलगट कढई घ्या. करंज्या, शंकरपाळे आधी तळा. शेव-चकल्या शेवटी, कारण पिठाचा चुरा त्यांचाच पडतो. तेल पुरेसं तापलेलं नसेल, तर चकली तेल पिते आणि मऊही पडते. पातळ पोह्यांचा चिवडा तर तळायचाच नाही: पोहे मंद आचेवर, चुरचुरीत होईपर्यंत भाजायचे आणि वरून फोडणी. दाणे मात्र तळलेलेच हवेत, तिथे काटकसर नको!

टाकायचं तेल मोरीत ओतू नका, नळी तुंबते.