जुन्या डिझेल इंजिनाचे वय कसे ओळखावे?

सभासद बंधूंनो, बैल घ्यायचा म्हटला की आपण आधी तोंड उघडून दात बघतो. इंजिन घेताना मात्र ताज्या रंगाला भुलतो. मग ऐन उन्हाळ्यात, ऊस उभा असताना, पिस्टन एका जातीचा आणि हेड दुसऱ्या जातीचे निघते. पाण्याची पाळी चुकते आणि वजनात मार बसतो. स्वस्तात मिळते म्हणून काही सभासद पालघर, बोईसर-तारापूरकडे जुनी इंजिने बघायला जातात. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पाटी आधी वाचावी, पण तिच्यावर विसंबू नये. दोन रिव्हेट उडवले की पाटी बदलली! तरी ती बरेच बोलते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला; तेव्हा पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर पाटी त्याआधीची असूच शकत नाही. पत्त्यात ‘पूना’ असेल तर ती बहुधा १९७८ पूर्वीची. शेतीच्या डिझेल इंजिनांचे आयएस १११७० हे मानक १९८५ सालचे, म्हणजे तो आकडा असलेली पाटी त्यानंतरची. विक्रेत्याच्या बिल्ल्यावर ‘पालघर, जि. ठाणे’ असेल, तर बिल्ला बहुधा १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा. त्या दिवशी पालघर जिल्हा वेगळा झाला.

आता ब्लॉककडे वळू. उठावाचे आकडे साच्यातून आलेले असतात. त्यात बहुधा भागाचा नंबर असतो आणि तो हजारो ब्लॉकवर सारखाच असतो. त्यालाच इंजिन नंबर समजणारे पुष्कळ भेटतात. ओतकामाची तारीख असली तर इंजिन त्याआधीचे नाही एवढेच कळते. खरा इंजिन नंबर पंचाने ठोकलेला, खोल असतो. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर फुलते, म्हणून तारेच्या ब्रशने घासून वर खडू फिरवावा आणि हलकेच पुसावे. खोलगट आकडे पांढरे दिसतात. नंबराची जागाच तेवढी गुळगुळीत, घासल्याच्या रेघांची दिसली तर सौदा सोडावा, असे आम्हाला वाटते.

प्रकार ओळखायचा तर मोजमापाला पर्याय नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची एव्ही-१ व टीव्ही-१ ही एका सिलिंडरची इंजिने घ्या. दोन्हींचा स्ट्रोक ११० मिलिमीटर आणि फेरे मिनिटाला १५००. पण एव्ही-१ चा बोअर ८० मिलिमीटर, म्हणजे ५५३ सी.सी. आणि ५ अश्वशक्ती. टीव्ही-१ चा ८७.५, म्हणजे ६६१ सी.सी. आणि ७ अश्वशक्ती. दोन अश्वशक्तीचा फरक पंपावर लगेच कळतो बरं का! हेड उतरवून पिस्टन अगदी वर आणि अगदी खाली असताना खोली मोजा. दोहोंतला फरक म्हणजे स्ट्रोक. बोअर मात्र रिंगा घासत नाहीत तिथे, वरच्या कडेला मोजावा. झिजेने किंवा रिबोअरने साडेसात मिलिमीटर वाढत नाहीत, म्हणून इथे फसवणूक चालत नाही.

राजकोटकडची लिस्टर पद्धतीची ६/१ इंजिने निराळी. मूळ इंग्रजी घडण १९३० च्या सुमाराची, बोअर ११४.३ आणि स्ट्रोक १३९.७ मिलिमीटर, फेरे ६५०. तीच घडण अनेक कारखान्यांनी पुढे वर्षानुवर्षे चालवली. त्यामुळे रूप बघून वय सांगणाऱ्याचे ऐकू नये.

हेड उघडलेच आहे तर पाण्याच्या वाटाही बघा. खाऱ्या पाण्यावर चाललेल्या ब्लॉकमध्ये त्यांच्या कडा खाल्लेल्या आढळतात, मग वय काहीही असो. सगळे जमले तर पावतीवर ठोकलेला नंबर, बोअर आणि स्ट्रोक लिहून विक्रेत्याची सही घ्या, पैसे नंतर.