हीटरचा दिवा काय सांगतो?

मैत्रिणींनो, गटाची डिझेल पिकअप थंडीत पहाटे सुरू झाली नाही, तर भाजीचा बाजार हुकतो. म्हणून मीटरवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा ओळखायला शिका.

चावी फिरवली की हा दिवा लागतो. इंजिनातले हीटर प्लग तापले की काही सेकंदांत विझतो. मगच स्टार्टर मारायचा.

दिवा लागलाच नाही? आधी फ्यूज आणि रिले तपासून घ्या.

गाडी चालताना लुकलुकतोय? प्लगच गेला असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत तो इंजिनाच्या दुसऱ्या बिघाडाचाही इशारा असतो. स्कॅनर लावून कोड बघायला सांगा.

मेस्त्री म्हणाला, "चारही प्लग बदला," तर म्हणा, "दादा, आधी मल्टीमीटर लावा." इंजिन थंड असताना, वायर काढून एकेक प्लग मोजायचा. चांगला प्लग साधारण अर्धा ते २ ओहम दाखवतो; जळालेल्यातून करंट जातच नाही.

प्लग स्वतः जोर लावून काढू नका. तो आत तुटला, तर खर्च कितीतरी वाढतो.

बदललेला जुना प्लग आणि पावती मागून घ्या. खर्च त्याच दिवशी गटाच्या वहीत लिहा. पैसा आपल्या सगळ्यांचा आहे.